माझ्या जागी बाई पाहिजे

ता. ९, सोमवार

चष्मेवाले हो म्हणाले!! सुट्टीभर! एक तारखेपासून ते शाळा उघडेपर्यंत. त्यांचा मदतनीस रजेवर चाललाय आणि त्यांना स्थिर हाताचं माणूस हवंय. "तुझा हात स्थिर आहे," म्हणाले. असं वाक्य माझ्याबद्दल जन्मात कोणी बोललं नव्हतं. घरात माझ्या वाट्याला येतात ती वाक्यं निराळी — ताई, भूक लागली. ताई, ह्याने मारलं. ताई, झालीऽऽ!

जोडगोळीतला मोठा (दहा मिनिटांनीच मोठा, पण तोरा बघावा!) सारखा स्वतःच्या चष्म्यावर बसतो. तो दुरुस्त करून आणायचा म्हणजे अर्थात मी. बघून बघून स्क्रू लावायला शिकले, मग दांडी गरम करून वाकवायला. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र आहे. बारीक गुणगुणतं. एका वेळी एक काच, ती होईपर्यंत दुसरं काही नाही. तिथून उठावंसंच वाटत नाही मला.

फजिती मात्र झालीच. त्यांनी नाव विचारलं आणि मी सांगितलं, "ताई." ते हसले. "अगं, मी साठीचा माणूस, मी तुला ताई म्हणू?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी तरी काय करणार? आईबाबासुद्धा ताईच म्हणतात. खरं नाव राहिलंय शाळेच्या हजेरीपुरतं, आणि आता परीक्षा झाली म्हणजे तेही गेलं.

ता. १०, मंगळवार

आईला सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. "आणि पोरांना कोण बघणार?"

मी म्हटलं, बाई ठेवू. सुट्टीपुरती.

"मग शोध तूच. चांगली मिळाली तर खुशाल जा."

बाबांना फोन लावला. ट्रक घेऊन कुठल्याशा घाटात होते. "बघू," म्हणाले. बाबांचं सगळ्यावर उत्तर एकच. आम्ही सहाच्या सहा जण बहुतेक "बघू, बघू" म्हणतानाच झालो!

ता. १२, गुरुवार

पाळणाघरात जाऊन आले. एका घरातली दोनच मुलं घेतात, तीही डायपर सुटलेली. शेपटाचा सुटायला अजून अवकाश आहे. अडीच वर्षांचं ते ध्यान दिवसभर माझ्या मागे मागे, संडासात गेले तरी दाराशी बसून असतं. म्हणून तर शेपूट.

मावशीला फोन केला. "राणीसरकारला पाठव की माझ्याकडे! गुणी आहे हो ती पोर." असणारच! अकरा वर्षांची घोडी झाली तरी इकडची काडी तिकडे करत नाही, केस विंचरत आरशापुढे बसते, तिला न्यायला कोणीही तयार होईल. मी म्हटलं, आमच्या रडक्या भोंग्याला ने. तर मावशीला एकदम स्वतःचा रक्तदाब आठवला.

ता. १३, शुक्रवार

घरकामाला बायका पुरवणाऱ्या एजन्सीत फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, "काम काय असेल ते सांगा."

सांगायला लागले. सकाळी पाचांना उठवायचं, त्यातल्या शेपटाला धुवायचं, जोडगोळी एका बादलीवरून भांडते म्हणून त्यांच्या आंघोळी वेगवेगळ्या, भोंगा अंड्याचा पिवळा भाग खात नाही आणि शेपूट पांढरा खात नाही — म्हणजे एकात भागतं, पण ते एकमेकांच्या ताटात दिसलं तर नाही भागत — मग कपडे, मग दुपारी शेपटाला झोपवताना बाकीच्यांना गप्प ठेवायचं, मग रडारड, मग कोणाचं तरी कोपर फुटतं...

बाई मध्येच म्हणाली, "थांबा, थांबा. एक बाई हवीय की दोन?"

"एकच."

"आत्ता कोण करतं हे?"

मी म्हटलं, कोणी नाही, घरच्या घरीच होतं.

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ संताप येत राहिला. त्या बाईचा नाही. मी असं का म्हणाले?

ता. १५, रविवार

पहिली उमेदवार! निवृत्त मास्तरीणबाई. आल्या आल्या मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं. दिनक्रम भिंतीवर चिकटवू म्हणाल्या. मला हसू येत होतं, पण मी देवासारखी बसून राहिले. चांगलं चाललं होतं हो! पण जोडगोळीने एकमेकांकडे बघितलं आणि भोंग्याला मागून चिमटा काढला. भोंगा सहा वर्षांचा असला तरी सूर लावला की शेजारचे खिडक्या लावून घेतात. बाईंचा चहा निवायच्या आत बाई फाटकाबाहेर.

जोडगोळीला धोपटलं. दोघांनाही. कोणी काढला चिमटा ते विचारलंच नाही.

ता. १८, बुधवार

तीन जणी येऊन गेल्या. आईने तिघींनाही उडवलं. पहिलीची नखं लांब. दुसरीचा आवाज मोठा. तिसरीला आवाजच नाही, "पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतील तिच्या." मी म्हटलं, माझ्या डोक्यावर वाटतात ते चालतं? आई म्हणाली, "तू घरची आहेस."

ता. २०, शुक्रवार

शाळा सुटली. पाचही जण घरात. बाकी लिहायला वेळ नाही.

ता. २२, रविवार

मिळाली! मिळाली! मिळाली!

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने नाव सुचवलं. इस्पितळात मुलांच्या विभागात नर्स होत्या, आता घरी बसून कंटाळल्यात. उंच, रुंद, गुडघे जरा दुखरे, बोलणं कमी. सुट्टीपुरतं यायला तयार. स्वतःच म्हणाल्या, एक दुपार येऊन बघते, मुलांनाही मला बघू दे.

आल्या त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत, जमिनीवर बसकण मारली. कोणालाही "ये" म्हणाल्या नाहीत. पिशवीतून पट्टीचा गुंडाळा काढला आणि स्वतःच्याच गुडघ्याला बांधायला लागल्या, मुद्दाम वाकडा. मोठा जोडगोळीवाला म्हणाला, असं नाही बांधत! मग काय, तासाभरात पाचही जण एकमेकांना पट्ट्या बांधत बसलेले. भोंगा मेलेला पेशंट झाला होता — मेलेला, म्हणून गप्प! राणीसरकार चक्क पाणी घेऊन आली. मी दारात उभी राहून बघत होते, मला कोणी हाक मारेना.

शेपूट त्यांच्या खांद्यावर झोपलं. पहिल्याच दिवशी! मला आनंद झाला. झालाच. 

आई आली तेव्हा घर शांत. तिने एकेका खोलीत डोकावून बघितलं. नर्सबाईंना "कळवते" म्हणाली.

ता. २४, मंगळवार

आईचं "कळवते" चालूच आहे.

आज तिच्या कारखान्यात जावं लागलं. किल्ल्या घेऊन गेली होती आणि कपाटात शेपटाचं औषध. शेपटाला कडेवर घेऊन गेले. औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायचा तिचा विभाग काचेपलीकडे आहे, आत जाऊ देत नाहीत. काचेतून बघितलं. पट्ट्यावरून पाकिटं सरकत होती, दोन्ही बाजूंना बायका उभ्या, आणि टोकाला खुर्चीत आई, पांढरी टोपी घातलेली. इतकी वर्षं ती पट्ट्याशी उभी होती, यंदा तिला सुपरवायझर केलंय, म्हणून खुर्ची. कोणीतरी काहीतरी बोललं आणि आई हसली. मान मागे टाकून, खदाखदा! घरी असं हसताना मी तिला पाहिल्याचं आठवत नाही.

शेपटाने काचेवर थापा मारल्या. आईने आमच्याकडे बघितलं, आणि चेहरा घरचा झाला.

ता. २५, बुधवार

नर्सबाईंना नको म्हणून कळवलं. मला न विचारता! मला कळलं तेही औषधवाल्याकडून.

आई घरी आली तशी मी दारातच धरलं. काय वाईट होतं त्यांच्यात? सांग ना! नखं होती? आवाज होता?

"परकं माणूस घरात नको."

मी म्हटलं, तुला बाई नकोच आहे. कुठलीच नको आहे. मला आधी सांगायचं होतंस ना, कशाला त्या बायकांना आणि मला नाचवलंस? घरात फुकटची एक आहे, ती हातची कशाला सोडशील!

मला वाटलं मारेल. ती खुर्चीत बसली. हळू आवाजात म्हणाली, "तुझ्यावर टाकून गेले ना, की मला तिकडे घर आठवत नाही. अजिबात आठवत नाही. दुसरं कोणी असलं की आठवत राहील, घोर लागेल. एवढंच आहे. त्या बाईत काही खोट नव्हती."

म्हणजे खरं बोलली. त्याचाच जास्त राग आला. तिला तिकडे हसता यावं म्हणून मी इथे! मी ओरडले, "मग तुझी पोरं तूच सांभाळ! मी नाही जन्माला घातली!"

पाचही जण दारात उभे होते, ते मला नंतर दिसलं. भोंगासुद्धा रडला नाही.

ता. २६, गुरुवार

आई माझ्याशी बोलत नाही. मी तिच्याशी बोलत नाही. राणीसरकार निरोप पोचवते, त्यात स्वतःचा मसाला घालून.

ता. २७, शुक्रवार

बाबा आले. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, नखं कापत होते. म्हणाले, "तुझी आईही चुकली, तूही चुकलीस." आणि ते स्वतः? ते रस्त्यावर असतात, तेव्हा ते कधीच चुकत नाहीत! वर म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू."

संध्याकाळी परत ट्रक घेऊन गेले.

ता. २८, शनिवार

चष्मेवाल्यांकडे नाही म्हणायला गेले. शेपूट कडेवर, भोंगा बोटाला. ते मागच्या खोलीत होते. म्हणाले, आलीस ते बरं झालं, हे बघ. आणि एक काच माझ्या हातात दिली. जाड, कडा खडबडीत. यंत्रावर कशी धरायची ते दाखवलं. भोंग्याला समोर स्टुलावर बसवलं, शेपटाला चष्म्याची रिकामी डबी दिली. मी काच टेकवली. पाण्याची बारीक धार, आणि कडा माझ्या बोटांखाली गुळगुळीत होत गेली. डावीकडे जरा जास्त घासली गेली. "पहिल्यांदा माझी फुटली होती," म्हणाले.

मग मी सांगितलं. घरून जमत नाही. बाई मिळत नाही.

ते काच उजेडाकडे धरून बघत राहिले. मग म्हणाले, "सोमवार संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणाला सांगत नाही. पुढे मात्र माझा नाइलाज."

येताना भोंग्याने विचारलं, "ताई, तू आमच्यामुळे रडतेस?" मी म्हटलं, नाही रे, काचेची भुकटी गेली डोळ्यात. खोटं. हो म्हणायला पाहिजे होतं, एकदा तरी.

ता. २९, रविवार

आई दिवसभर घरात. चादरी धुतल्या, कपाटं आवरली, शेपटाला स्वतः आंघोळ घातली. तो "ताई, ताई" करून घर डोक्यावर घेत होता, तरी सोडलं नाही. मी मदतीला गेले नाही. बसून राहिले. बसून राहता येतं तर मला! पण मजा नाही आली.

ठरवलंय. उद्या शेवटचं नाही सांगून यायचं. अठरा पूर्ण झाली की त्या दिवशी या घरातून निघायचं आणि कोणाचंही पोर उचलायचं नाही. स्वतःचंसुद्धा नाही. मला नकोच आहे कोणी.

ता. ३०, सोमवार

मी चष्मेवाल्यांकडे निघाले होते, तेवढ्यात आई आली. कारखाना सुटायच्या कितीतरी आधी. पाच दिवसांनी माझ्याशी बोलली. "बाई मिळाली. उद्यापासून तू जा."

मी विचारलं, कोण? नर्सबाई का?

"मी. राजीनामा देऊन आले."

मुलांनी टाळ्या पिटल्या. मला मात्र काचेपलीकडची ती खुर्ची दिसली, आणि तिच्यात मान मागे टाकून हसणारी आई.