सामाईक रंगाला लावलेला हात

जव्हार, मंगळवार, सायंकाळ

संताप अजून उतरलेला नाही. आमची जव्हारची नाचणी आणि मोखाड्याचा तांदूळ हे शेतकरी संघाचे दोन ब्रँड. दोन्ही पिशव्यांचे रंग संगणकावरील एकाच सामाईक फाइलमधून येतात. मोखाड्याला हिरवा हवा होता. तो स्वतःच्या ब्रँडपुरता नोंदवायचा, की सामाईक ‘मुख्य रंग’च बदलायचा? त्यांनी तोच बदलला, तोही मी लाल नमुना मंजूर केल्यानंतर. आमच्या पिशव्या हिरव्या छापून आल्या.

त्यांचा डिझायनर निलेश फोनवर म्हणतो, “काका, एक रंग तर बदललाय.” एक रंग. तो सर्वांचा आहे, परस्पर हात लावू नये, हे बैठकीत किती वेळा सांगावे?

साखरशेत गावात आमचे नाचणीचे पीठ पिशव्यांत भरणाऱ्या सुनीताताईंनी पिशवी उलटसुलट पाहिली. “भाऊ, लोक तांदळाचं समजून नेतील, नि घरी जाऊन आम्हाला शिव्या घालतील.” बाकीच्या हसल्या. मला हसू आले नाही.

नाशिकच्या दुकानदाराची ही पहिलीच मागणी. पिशव्या पुन्हा छापायच्या, म्हणून माल वेळेवर येणार नाही, असे मीच कळवले. चूक कोणाची, त्याने विचारले. त्याच्या लेखी जव्हार काय, मोखाडा काय, संघ एकच.

“आमची,” म्हणालो. हा शब्द तोंडातून काढणे फार जड गेले.