मशीन न विचारणारं गिऱ्हाईक

दिपिका,

तू पाण्यावर गेलीस तेवढ्यात लिहितो. आईच्या शिलाई मशीनची जाहिरात मोबाईलवर बघून जो फोन करतो, त्याला भेटायला तुझ्याऐवजी मी चाललो. लहान्यामामाला सोबत घेतलं आहे.

आपल्या घराला भिंत कसली, कारवीच्या काड्यांचा कूड. तू स्पीकरवर बोलतेस ते सगळं मला ऐकू येतं. चार दिवस तो तुझं कॉलेज विचारतो, घरी कोण असतं विचारतो. मशीन पायाची की हाताची, हे एकदाही विचारलं नाही. मशीन घरात आणि तुला एकटीला बोलावतो दाभोसा धबधब्याच्या रस्त्याला. ज्याला मशीन पाहिजे तो जीप घेऊन दारात येईल.

खरं सांगतो, मला आधी भीती नाही वाटली. आधी पोटात जळलं. आई गेल्यापासून तू माझ्यासमोर हसली नाहीस, त्याच्याशी हसलीस. तो तुला दिपू म्हणतो. ते आईने तुला लाडाने दिलेलं नाव. मला ते तोंडावर आणता येईना आणि त्याने तोंड न दाखवता घेऊन टाकलं. सकाळी रागाने तुझा फोन नाचणीच्या कणगीत पुरला होता. आता पुसून चार्जिंगला लावला आहे. त्याचा फोन आला तर उचलू नको.

मशीन विकायची तर वीक. पण गिऱ्हाईक घरी येऊ दे. मी ओट्यावर बसेन, मध्ये बोलणार नाही.

भाकर झाकली आहे. मी येईपर्यंत आतून कडी लाव, दिपू.

बाबा