मागचं झाकण

बाबा,

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. मी आठवडाभर अकोल्यात एका दवाखान्यात केसपेपर लिहिते आणि शनिवार-रविवार अमरावतीला फोटोग्राफीच्या वर्गाला जाते. डिजिटल कॅमेरा आहे, पण सर आधी रोलवर शिकवतात. छत्तीस फोटो, आणि धुवून येईपर्यंत एकही दिसत नाही. न पाहता पुढे जायची सवय मला नाही.

ती तुमचीच शिकवण. वांग्यांचा कट्टा शिवण्याआधी तुम्ही ते अख्खं पोतं ओतून पाहायला लावायचात. एकदा मी घाईत तसाच शिवला, तर तुम्ही सगळे टाके उसवलेत. दर्यापूरची बस निघून गेली. ओरडला नाहीत. "वरचं त कोनीबी पाह्यते, बाई. खालचं आपन पाहा लागते." अजून मी प्रत्येक केसपेपर तीनदा वाचते.

गेल्या महिन्यात आईचे फोटो काढायला घरी गेले. तुमच्यानंतर ती फोटोला उभीच राहिली नव्हती, लग्नातही मागे सरते. "मायावाला फोटो काढशीन त मशीन बिघडन तुई," म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती तुम्ही आणलेलं हिरवं पातळ नेसून. बारा वर्षांत तिनं ते पेटीतून काढलं नव्हतं. वांग्यांच्या ओळीत उभी राहिली, हसली. छत्तीस फोटो झाले आणि मला शंका आली, रोल आत नीट सरकला असेल ना? तो परत डबीत गुंडाळायच्या आधीच, भर उन्हात, मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. रोल नीट सरकला होता. उजेड लागून तो सगळा वाया गेला.

सरांना खरं सांगितलं. ते हसले, म्हणाले, प्रत्येक जण एकदा उघडतोच, आणि दुसरा रोल दिला. आई मात्र फोनवर विचारत राहिली, फोटो धुवून आले का. इतक्या दिवसांत मी गोधडी धुवून वाळवली असती, म्हणायची. पातळ तिनं परत पेटीत ठेवलंय. पुन्हा नेस म्हणायची मला हिंमत होत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. काल मी तिला म्हटलं, थोडे फोटो खराब झाले. "थोडेच ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं, बाबा.