नॉर्मनचा लेथ

स्किप्टन,
६ मार्च १९८३

ती. मुरिएलताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कुणाचं ते तू ओळखलं असशीलच, आणि तरीही उघडलंस, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकली. फोन करणार होतो, पण फोन ठेवून देता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी एकदा वाचतो.

चौदा महिने झाले. तुझ्या नॉर्मनला मूठमाती देऊन सगळे तुझ्या घरी चहाला आले होते, आणि मी हातात हॅमचं सँडविच धरून तुला विचारलं की आता नॉर्मनच्या लेथचं काय करणार. उचलली जीभ लावली टाळ्याला. तू आत गेलीस, माझा कोट आणलास आणि हातात दिलास. उरलेलं सँडविच मी गाडीत बसून संपवलं, यावरून तुझा भाऊ कोणत्या मुशीतून निघाला आहे ते कळावं. ताई, मला तू एकच बहीण आहेस. तुझ्या घरचं दार बंद झाल्यापासून मला करमत नाही. ते परत उघडावं एवढ्यासाठीच हे पत्र आहे, बाकी सगळी सबब.

आता सबब ऐक. तीस वर्षं नॉरिचच्या पोरांना नद्या आणि डोंगर शिकवून मी निवृत्त झालो, इथे येऊन राहिलो, आणि गॅरेजमध्ये वाफेचं छोटं इंजिन बनवायचं डोक्यात घेतलं. तुझी भावजय डोरोथिया म्हणते की ज्या माणसाला घरातला पडद्याचा दांडा सरळ बसवता आला नाही, त्यानं इंजिनाच्या वाटेला जाऊ नये. मी म्हटलं, दांडा सरळच आहे, भिंत वाकडी आहे. तेव्हापासून ती मला इंजिनिअरसाहेब म्हणते.

धातू कातायला जुना लेथ आणि तासायला जुनं मिलिंग मशीन घ्यायचं आहे. नॉर्मनच्या लेथवर माझा डोळा नाही, शपथ घेऊन सांगतो. कोल्नला पिकल्स नावाचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे हिरव्यागार रंगाचा लेथ आहे, आरशासारखा चकचकीत. बघताक्षणी जीव जडला. पण घेण्याआधी काय बघायचं असतं? तू इतकी वर्षं नॉर्मनच्या वर्कशॉपच्या शेजारी स्वयंपाक केलास, काहीतरी कानावर पडलं असेल. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

कळावे. लोभ असावा म्हणायची छाती नाही, राग जरा आटोक्यात असावा ही विनंती.

तुझा,
अँब्रोज


कीली,
११ मार्च १९८३

चि. अँब्रोज यास,
अ. उ. आ. (अनेक नव्हेत, सध्या एकच.)

पत्र मिळालं. दार उघडलेलं नाही, फक्त टपालाची फट उघडी आहे, हे आधी ध्यानात घे. बहीण म्हणून नाही, पण चांगलं लोखंड अडाण्याच्या हाती वाया जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

हिरवा रंग बघून लेथ घेणारा माणूस टोपी बघून नवरा पसंत करणाऱ्या मुलीइतकाच शहाणा. जुन्या मशीनला ताजा रंग असला की पहिल्यांदा विचार करायचा, झाकायचं काय होतं? रंगाकडे पाठ कर आणि हात वापर. कातायचा तुकडा जिथे पकडतात, त्या चकच्या जवळ सगळं काम होतं, म्हणून लेथ तिथेच जास्त झिजतो. विकणारा काय करतो, हत्यार धरणारा सरकता भाग चकजवळ घट्ट आवळून ठेवतो, म्हणजे हलवून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय मजबूत! तू तो भाग सरकवत पार दुसऱ्या टोकाला ने. तिथे तो अडकला तर समज की चकजवळची बाजू झिजली आहे आणि टोक अजून नवंच आहे. मग पिकल्सांच्या हातचा चहा घे आणि घरी ये.

चक हातानं वरखाली उचलून बघ. कट्कन वाजलं तर बेअरिंग गेलेलं. फिरवताना डोळे मिट, डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. शेवटचं आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, लेथच्या मोटरवरची पाटी वाच. कारखान्यातल्या मोटरी थ्री-फेजवर चालतात. तुझ्या गॅरेजमध्ये सिंगल फेज आहे. हे भूगोलात नसतं म्हणून सांगते.

हो, काहीतरी कानावर पडलं आहे खरं.

डोरोथियाला माझा नमस्कार सांग. तिच्याशी माझं भांडण नाही, तिला सहानुभूती आहे.

मुरिएल


स्किप्टन,
२ एप्रिल १९८३

ती. मुरिएलताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून कोल्नला गेलो. पिकल्सांनी लेथचा सरकता भाग चकजवळ हलवून दाखवला, दगडासारखा घट्ट. मी तो भाग सरकवत निघालो. दोन फुटांवर तो जो रुतला तो मागेही येईना. पिकल्सांचा चेहरा लेथपेक्षा हिरवा झाला. त्यांनी विचारलं की हे तुम्हाला शिकवलं कुणी. मी छाती काढून सांगितलं की आमचे मेहुणे फार मोठे कारागीर होते, कीलीच्या छोट्या इंजिनांच्या क्लबात आठ चषक मिळाले होते त्यांना, ही त्यांची शिकवण. ताई, तुझं पत्र वाचताना नॉर्मनच बोलतो आहे असं वाटलं बघ. त्याच्या सहवासात तुझ्यावर किती संस्कार झाले!

इथे थांबलो असतो तर माणसात गणला गेलो असतो. पण यश डोक्यात गेलं. बर्नलीला एका बंद पडलेल्या कारखान्याचा लिलाव होता. तिथे एक मिलिंग मशीन होतं, रंग उडालेलं, कळकट, अगदी तुझ्या शिकवणीत बसणारं. मी दांडे हलवले, चाकं फिरवली, डोळे मिटून बोटं फिरवली. शेजारचा माणूस म्हणाला की बाबा, मशीन घेतोस की लग्न करतोस. मी हात वर केला आणि ते माझं झालं.

रग्बी क्लबच्या सहा जणांनी ते गॅरेजमध्ये उतरवलं. दारातल्या फरशीला तडा गेला, एकाच्या पाठीलाही. मग मी वायरमनला बोलावलं. त्यानं मोटरवरची पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाटी वाचली आणि विचारलं की साहेब, इथे कापड गिरणी काढताय का. थ्री-फेज. तू मोटरची पाटी बघायला सांगितली होतीस, पण लेथची. मिलिंग मशीनबद्दल अवाक्षर नव्हतं. विचारलेल्या प्रश्नापुरतंच उत्तर लिहिणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं मूर्ख म्हणत आलो, त्या सगळ्यांची आज माफी मागतो.

डोरोथियानं मशीनच्या टेबलावर टोमॅटोच्या रोपांच्या कुंड्या ठेवल्या आहेत. टेबल पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकतं, त्यामुळे रोपांना बरोबर उन्हात आणता येतं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

लेथचा शोध चालू आहे. चहाच्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल पुन्हा एकदा, मनापासून चुकलो. गेलेल्या माणसाच्या वस्तूवर नजर ठेवणं वाईटच.

कळावे. टपालाची फट तरी उघडी असावी.

तुझा,
अँब्रोज


कीली,
५ एप्रिल १९८३

चि. अँब्रोज यास,
अ. उ. आ.

तू चुकीच्या गोष्टीची माफी मागतो आहेस. तुझं पत्र वाचून मी हसले, रडले आणि शेवटी संतापले, आणि आता सरळच लिहिते.

तो लेथ नॉर्मनचा नाही. माझा आहे. युद्धात चार वर्षं कारखान्यात मी ज्या लेथवर तोफगोळ्यांचे भाग कातले, तोच हा. कारखान्यानं सत्तेचाळीस साली जुनी मशिनं विकायला काढली, तेव्हा साठवलेल्या पगारातून मी तो घेतला. नॉर्मन लोकरीच्या पेढीत कारकून होता. त्याला खिळा ठोकायला दिला तर अंगठा ठोकून यायचा. रोज संध्याकाळी तो स्टुलावर बसून मला पेपर वाचून दाखवायचा, शब्दकोड्यात अडला की विचारायचा, आणि मी कातायची. ती आठ इंजिनं मी केली, अँब्रोज. क्लबात तेव्हा बायकांना घेत नसत, म्हणून अर्जावर त्याचं नाव घातलं. एकाहत्तर साली नियम बदलला. नॉर्मन म्हणाला की आता सगळ्यांना सांगून टाकू, त्याला दर वर्षी चषक घेताना घाम फुटायचा. मीच म्हटलं की जाऊ दे, आता कोण खुलासे करत बसणार. ती माझी चूक.

इतरांचं मी मनावर घेत नाही, त्यांना काय माहीत. पण तू त्रेचाळीस साली लष्करातून रजेवर आला होतास तेव्हा मला न्यायला कारखान्यात आला होतास. अर्धा तास माझ्या मशीनशेजारी उभा राहून बघत होतास, आणि परत जाऊन पत्रात लिहिलं होतंस की ताईचे हात बघून भीती वाटली आणि अभिमानही वाटला. त्याच तुला लेथ म्हटल्यावर नॉर्मन आठवला. त्या दिवशी माझा नवरा गेला होता, आणि तुझ्या एका वाक्यानं मीही गेले. चौदा महिने मी वर्कशॉपचं कुलूप काढलं नाही. जो भेटेल तो नॉर्मनचा लेथ म्हणायचा, आणि मलाही तो मेलेल्या माणसाचा वाटायला लागला होता.

मग मार्चात तुझं पहिलं पत्र आलं. तुला उत्तर लिहीत होते आणि माझी बोटं शिवशिवत होती. पत्र टाकून आल्यावर कुलूप काढलं. सगळीकडे गंज चढला होता, दोन दिवस पुसत बसले. नॉर्मन गेला तेव्हा नववं इंजिन अर्धं झालं होतं. त्याचं मोठं चाक आता कातून झालं आहे. लेथ चालू केला तेव्हा फार बरं वाटलं, एवढंच सांगते.

आता ऐक. लेथ घेऊ नकोस. एका घराण्यात एक पुरतो, आणि तुझ्या हाती दिला तर तू त्यावर बोट कापून घेशील. मिलिंग मशीनची मोटर बदलता येते, जुन्या कारखान्यातला माझा एक ओळखीचा माणूस आहे, त्याला पाठवते. तुझं जे कातायचं असेल ते पुढच्या गुरुवारी घेऊन ये. दुपारी ये, जेवून जा. पण दारात पाय ठेवताना तोंडातून काय निघतं ते मी ऐकणार आहे.

मुरिएलताई


स्किप्टन,
१२ एप्रिल १९८३

ती. मुरिएलताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा लाज वाटली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा डोरोथियाला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे सांगितलं की तिला पंधरा वर्षांपासून शंका होती, कारण नॉर्मनच्या नखात कधी काळं दिसलं नव्हतं आणि तुझ्या नखात नेहमी दिसायचं. मी तिला विचारलं की मग बोलली का नाहीस. ती म्हणाली की कुणी विचारलंच नाही. ताई, मी डोळे असून आंधळा, आणि तोही नकाशे शिकवणारा. त्रेचाळीस सालचे तुझे हात मला लख्ख आठवतात. ते विसरलो हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट विसरणं आहे. चुकलो.

काल कीलीच्या क्लबात जाऊन आलो. मे महिन्यात प्रदर्शन आहे. अर्ज मागितला तर सेक्रेटरीनं मायेनं विचारलं की नॉर्मनचं राहिलेलं शेवटचं इंजिन मांडणार का. मी म्हटलं, नॉर्मनचं कुठलंच इंजिन नव्हतं, हे माझ्या बहिणीचं आहे. बाकीची आठ कुणाची ते मात्र मी सांगितलं नाही, ते सांगायचं की नाही हे तू ठरव. त्यानं भिंतीवरचा विजेत्यांचा फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाला की तरीच, नॉर्मनला कुणी तांत्रिक प्रश्न विचारला की तो हवापाण्याबद्दल बोलायला लागायचा.

अर्ज सोबत आणतो आहे. बनवणाऱ्याच्या रकान्यात मी छापील अक्षरात मुरिएल सग्डन लिहिलं आहे. खाली सही लागते. ती दुसऱ्या कुणाची चालत नाही, मी मुद्दाम विचारून घेतलं.

गुरुवारी बाराला पोचतो.

लोभ आहेच, तो असाच चालू ठेवावा.

तुझा,
अँब्रोज