पित्या म्हणताना

१ जून, रविवार

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दारातच गाठलं. नागपूरहून आलेला तरुण माणूस, केस चोपडलेले, दर वाक्यात एक ‘ॲक्च्युअली’. त्रैक्य रविवारी महिला मंडळातर्फे कुणीतरी बोलायचं आहे. विषय ‘त्रैक्य आणि आपलं रोजचं जीवन’. कुणीतरी म्हणजे मी. "मॅडम, तुम्ही शाळेत शिकवता. ॲक्च्युअली तुम्हाला सोपं करून सांगता येतं."

सोपं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ज्याच्यापायी शतकानुशतकं धर्मपंडितांनी एकमेकांना वाळीत टाकलं, ते मी साकोलीत, पत्र्याखाली, दहा मिनिटांत सोपं करणार.

वर आनंदाची बातमी: त्याच दिवशी फादर्स डे. "डबल सेलिब्रेशन!" म्हणाले. स्वर्गातला पिता आणि गुलाबाचं फूल घेणारे मंडळीतले पिते, एकाच कार्यक्रमपत्रिकेत.

हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर मंडळातल्या मार्थाबाई माझ्याऐवजी बोलल्या असत्या, आणि ते ऐकत बसावं लागलं असतं.

३ जून, मंगळवार

नऊ दिवसांच्या कडक उन्हाचा नवतपा संपला म्हणे. कूलरला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुमसरहून ग्रेसचा फोन. धाकटी बहीण, पण रडायला लागली की अजून पाच वर्षांची होते.

"ताई, पपा माझ्याकडे आले हायेत."

मी दहावीत असताना हा माणूस बालाघाटला एका बाईकडे निघून गेला. आईने नर्सची नोकरी करून आम्हाला वाढवलं आणि रिटायर व्हायच्या आत मेली. मातीलाही हा आला नाही. आता ती बाई वारली. तिच्या मुलांनी ह्याला तुमसरच्या गाडीत बसवून दिलं.

"आमच्या ह्यांले बिलकुल पटून नाही राहिलं. म्हणतात, मोठीच्या घरी रिकामी खोली हाय. तू एकटीच असतेस ना ताई..."

एकटी बाई म्हणजे सगळ्यांना धर्मशाळाच वाटते. ग्रेसचा नवरा राइस मिलमध्ये सुपरवायझर. पोती इकडून तिकडे हलवायची सवय आहेच.

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. बावळट.

५ जून, गुरुवार

म्हातारा आला. जावयाने गाडीतून खालीसुद्धा न उतरता सोडला. एक रेक्झिनची बॅग, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं बायबल. कानाने जवळजवळ ठार.

अंगणात उभा राहून घर पाहिलं. "चांगलं बांधलंस."

इन्स्पेक्शनला आले जणू साहेब.

मी ‘अहो’वर भागवते आहे. अहो, चहा. अहो, नळ बंद करा.

६ जून, शुक्रवार

पहाटे दचकून उठले. पलीकडच्या खोलीत प्रार्थना चाललेली. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. "हे बापा, तुझ्या लेकराले आज बी उठवलंस..."

बापा! कसा सहज येतो शब्द तोंडात. ज्याने तो शब्द आमच्या घरातून उचलून नेला, त्याच्याच.

शेजारच्या कापगतेवहिनी धानाच्या बियाण्याची पोती उन्हात टाकत होत्या. कुंपणावरून म्हणाल्या, "बाई, तुमचे बाबूजी तं देवमाणूस दिसते!"

मी आत आले आणि दूध उतू जाऊ दिलं.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. दहावीपासून मी देवाला पिता म्हटलेलं नाही. प्रार्थना थेट प्रभू येशूला. मंडळीत सगळे एका सुरात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात तेव्हा त्या शब्दाला ओठ मिटते, पुढच्याला उघडते. कुणाच्या लक्षात येत नाही. पवित्र आत्म्याशीही ओळख रस्त्यात भेटल्यावर हसण्यापुरतीच. म्हणजे तिघांतल्या एकावर संसार चालवते आहे आणि त्रैक्यावर बोलणार मीच.

८ जून, रविवार. पेंटेकॉस्ट

पवित्र आत्मा उतरल्याचा सण: पाहुणे वक्ते, कीबोर्ड, ढोलक. पवित्र आत्मा आला असं वक्त्यांनी माइकवरून जाहीर केलं. आत्म्याच्या भरात चार-पाच जण पडले. सतरंजी होती तिथेच पडले. फरशीवर एकही नाही.

म्हातारा पहिल्या बाकावर, डोळे मिटून डोलत. ऐकू काही येत नसणार. इतरांपेक्षा सुखी.

१० जून, मंगळवार

महिला मंडळ. भाषणासाठी बायकांना कल्पना सुचवायच्या होत्या.

एकीचं अंडं: टरफल, पांढरं, पिवळं. (म्हणजे पिता टरफल?) दुसरीचं पाणी, बर्फ, वाफ. मी म्हटलं, माझ्या सातवीतल्या पोरी विचारतील, तेच पाणी एकाच वेळी तिन्ही कसं? मग येशू प्रार्थना कोणाला करत होता, स्वतःलाच? मार्थाबाईंनी शेवटी पर्समधून कॉफीची पुडी काढली. थ्री इन वन. दूध, साखर, कॉफी. "आणि चटकन विरघळते पण!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण वेगळ्या कारणाने, आणि ते त्यांना कळलं. मार्थाबाई म्हणाल्या, "सुधाताई, तुम्हाले सगळ्यांचं चुकीचंच वाटते. मंग बरोबर काय ते तुम्ही सांगा."

चहा प्याले आणि घरी आले.

१२ जून, गुरुवार

कोरा कागद. सकाळी कापगतेवहिनी कैऱ्या द्यायला आल्या, काय लिहिता म्हणून विचारलं. मग, "बाई, तुमचे देव तीन व्हयत का एक?"

"एक."

"मंग ते बाप, लेक अन् तिसरे?"

"तेही एकच."

"हां, आमच्या दत्तासारखं!"

"नाही."

"मंग कसं?"

"वहिनी, कैऱ्या छान आहेत."

दुपारी जेवताना म्हाताऱ्यानेही विचारलं. पाटीवर लिहावं तसं हवेत बोट फिरवून सांगितलं: त्रैक्य.

"त्यात काय लिहाचं येवढं? बाप लेकाले पाठोते. लेक बापाचं आयकते. दोघायचा एकच जीव."

"आणि बाप निघून गेला तर?"

भात कालवत राहिला. ऐकू आलं नाही. किंवा आलं.

१३ जून, शुक्रवार

पाळकसाहेब भेटीला आले. म्हाताऱ्याजवळ बसले, मोबाइलवर फोटो काढला. त्याने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने आशीर्वाद मागितला. पाळकांचे डोळे पाणावले. "मॅडम, किती भाग्यवान आहात! ॲक्च्युअली अशी पिढी आता राहिली नाही."

पाळकांना एकदाही विचारावंसं वाटलं नाही की हे भाग्य इतकी वर्षं होतं कुठे.

१५ जून, रविवार. त्रैक्य रविवार

क्रमाने लिहिते, नाहीतर नुसता संताप लिहिला जाईल.

आधी लहान पोरांनी आपापल्या वडिलांना गुलाब दिले. मग पाळक माइकवर: आज मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठ पित्याचा सत्कार. नाव म्हाताऱ्याचं! "आणि शाल घालतील त्यांच्या कन्या."

टाळ्या. माझ्या हातात शाल. जांभळी, लोकरीची, जून महिन्यात. मी पाळकांकडे पाहिलं. मार्थाबाईंना सगळं माहीत आहे, आईच्याच दवाखान्यात आया होत्या. त्या खाली पाहत होत्या. म्हातारा उठून मान वाकवून उभा.

मी शाल पाळकांच्या हातात परत दिली. "तुम्हीच घाला."

कुणाला वाटलं मान देते आहे. त्यांनी घातली. आणि म्हाताऱ्याने माइक मागून घेतला! दोन मिनिटं बोलला. लेकरं ही देवाची देणगी, आईबापांनी त्यायले सांभाळलं पाहिजे. लोक आमेन म्हणाले. अंगाची अशी आग झाली की वाटलं आत्ताच चालू लागावं, साकोलीतूनच निघून जावं.

पण पुढचं नाव माझंच होतं.

लिहिलेला कागद वाचला नाही. पाळकांनी मोबाइल समोर धरलेला. काय बोलले ते आठवेल तेवढं:

अंडं, पाणी, कॉफी काही आणलेलं नाही. देव कशासारखाच नाही. आणि आज सकाळपासून इथे जे चाललंय त्यावरून वाटेल की देव म्हणजे आपल्या घरातल्या बापाचीच मोठी आवृत्ती. तसं असेल तर मला तो नको. इथल्या पुष्कळ बायकांना नको असेल, फक्त त्या बोलत नाहीत. पण पिता हा शब्द आपल्या घरातून वर गेलेला नाही. जगात एकही बाप जन्मला नव्हता तेव्हाही तो पिता होता, कारण पुत्र होता, आणि त्यांच्यातली प्रीती होती. एकटा बसून माणसांची वाट पाहणारा तो देव नाही. पिता हा शब्द पुत्राचा, येशूचा आहे. त्याने आपल्याला स्वतःजवळ उभं केलं आणि म्हणाला, माझ्याबरोबर म्हणा. आणि ज्याच्या घशात तो शब्द अडकतो त्याच्यासाठी आत्मा आहे. ढोलकाबरोबर येणारा नाही. अडकलेल्या माणसाच्या आत बसून कण्हणारा.

मला हे आधी माहीत नव्हतं. बोलताना कळलं. राग आला की मी बरं बोलते.

एक गुलाब खाली पडला तो कुणी उचलला नाही.

आणि मग पाळकांनी, गोंधळूनच बहुधा, प्रभूची प्रार्थना मलाच म्हणायला लावली. माइकवर. ओठ मिटायची सोय नाही.

‘हे’ म्हणून सुरुवात केली. ‘आमच्या’ शब्दापाशी थांबले. पित्यापर्यंत पोचलेच नाही. पिता पुत्राचा, हे मी आत्ताच सांगितलं होतं. पण आमच्या? पुढच्याच बाकावर शाल पांघरून, घामाने निथळत तो डोळे मिटून बसलेला. आमच्या म्हणजे त्याचा आणि माझा. त्याच्याच शेजारी उभं राहायचं? पुत्राने मला विचारून जागा दिलेली नाही.

मार्थाबाईंनी उचललं. मागून सगळ्यांनी. मी शेवटच्या आमेनला सामील झाले.

१६ जून, सोमवार

म्हातारा नाश्त्याला म्हणाला, "काल तू थांबलीस."

"खोकला आला होता."

"नाई." पोहे चिवडत राहिला. "तुझी माय बी तेथंच थांबे. मी बाजूले बसलो असलो की थांबे. म्या पाह्यलं होतं."

मी ताटली उचलून मोरीत नेऊन ठेवली. त्याचं खाणं झालं नव्हतं.

म्हणजे माहीत होतं. आईने तो शब्द गिळायचा आणि ह्याने शेजारी बसून पाहायचं. आणि उठून माफी मागायच्या ऐवजी एक दिवस बालाघाटची गाडी पकडायची. काल माइकवर लेकरं सांभाळा म्हणून सांगणारा हाच. आजही माफी मागितली नाही. नुसती माहिती दिली.

आई थांबायची, हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो.

१९ जून, गुरुवार

पाळकांनी माझ्या भाषणाचा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर टाकला आहे. खाली हात जोडलेली चित्रं. ‘ब्लेस्ड’ म्हणून अठ्ठावीस जणांनी लिहिलं, त्यातल्या निम्म्यांनी पाहिलाही नसेल.

ग्रेसने पाहिला. फोनवर रडली. जावईही पाहून चूप झाला म्हणे. "ताई, तुझ्यावर टाकलं आम्ही, चुकलं आमचं. शनिवारी गाडी पाठवून राहिलो. पपांले घेऊन येऊ."

बरं म्हटलं. सुटले.

दिवसभर खोली रिकामी झाल्यावर तिथे काय ठेवायचं याचा विचार करत होते. ठेवण्यासारखं काही नाही माझ्याकडे.

२१ जून, शनिवार

गाडी दुपारनंतर येणार, पण हा सकाळपासून व्हरांड्यात बॅग मांडीवर घेऊन बसलेला. कापगतेवहिनी येऊन पाया पडून गेल्या. त्याने त्यांना विचारलं, जाऊ का? तेच मलाही विचारावं असं त्याला वाटत होतं बहुधा. मी विचारू दिलं नाही. अहो, जेवून घ्या.

पानावर बसलो. रोज तोच प्रार्थना करतो. आज म्हणाला, "तू कर."

"तुम्हीच करा."

"नाई. तू."

वरण निवत होतं. डोळे मिटले. प्रभू येशू म्हणणार होते. का कोण जाणे, सवयीच्या शब्दाआधी त्याचाच तो गावठी शब्द तोंडात आला. म्हटलं, "हे बापा..."

समोरून आवाज आला, "ओ?"

डोळे उघडले. कानावर हात धरून पुढे वाकलेला. त्याला ‘पपा’ ऐकू आलं होतं. आल्यापासून मी एकदाही तशी हाक मारली नव्हती, आणि म्हातारा तोंड उघडं टाकून वाट पाहत होता, पुढे काय म्हणते त्याची.

"तुम्हाला नाही," मी म्हटलं.

"हां हां," म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

मी पुढे म्हटलं. काय म्हटलं ते लिहीत नाही. लांबलं थोडं. आमेन त्याने म्हटलं, मोठ्याने, वेळ चुकवून.

आता तो आत लवंडला आहे, बॅग उशाशी. घोरतो आहे. फोन वाजतो आहे, गाडीवाल्याचाच. कोपऱ्यावरून घर विचारत असेल. दुसऱ्यांदा वाजतो आहे.

उचललेला नाही.