बाबांचं म्हणणं, आईच्या तोंडून

३ फेब्रु.
आज वर्गात पोरींना संवादाचं मॉडेल शिकवलं. बोलणारा, निरोप, माध्यम, ऐकणारा, मग उलटा बाण: प्रतिसाद. फळ्यावर झकास दिसतं. पार्ल्याहून चारकोपला घरी आले, तर बाबा आईला म्हणतात, "तिला सांग, गीझर बंद कर." मी शेजारच्याच खुर्चीत! लग्नासाठी विल्सनचं नाव काढल्यापासून, गेले कित्येक महिने, हेच चाललंय. आम्ही बौद्ध, तो ख्रिश्चन. वस्तीत आंतरजातीय लग्नांवर भाषणं ठोकणारा माणूस हा!

७ फेब्रु.
आईला म्हटलं, विचार त्यांना, २० ला कोर्टात आमच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करतील का. आतल्या खोलीत जाऊन आली. "येतो म्हणाले." मी रडले. विल्सनला लगेच फोन करून सांगितलं.

१२ फेब्रु.
वाट लागली. मावशीचा फोन. "बरं केलंस गं, बाबांची माफी मागितलीस. लग्नाचं खूळही सोडलंस म्हणे." कोणी सांगितलं? तर बाबांनीच. आईला धरलं. म्हणते, "घरात शांतता होती ना? मग?" बाबांना २० तारखेचा पत्ताच नाही! त्यांना माझी खोटी माफी, मला त्यांचा खोटा होकार. संताप संताप झालाय. इतके महिने बाबा खरं काय बोलले, कोण जाणे. आणि माझं त्यांच्यापर्यंत काय पोचलं...

१३ फेब्रु.
आज संवादातले अडथळे. पुस्तकातली उदाहरणं: गोंगाट, खराब नेटवर्क. पुस्तकात आई नाही. पोरींवर उगाच डाफरले. आईशी बोलायची इच्छाच नाही.

१६ फेब्रु.
आईला भाजीला पिटाळलं. टीव्ही बंद करून बाबांसमोर बसले. "२० ला माझं विल्सनशी लग्न आहे. मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही. आईनं आपल्या दोघांनाही खोटं सांगितलं. तुम्ही येणार की नाही, ते मला सांगा."

त्यांनी सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मला आज जेवायचं नाही."

आणि टीव्ही पुन्हा लावला.

आई आली. पिशवी ठेवायच्या आधीच कुजबुजली, "काय म्हणाले गं?"

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.