टेकडीवरचा थांबा आणि हरकत क्रमांक सात

ती. ताईंना वहिनीचा नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? शेक घेता ना? (घेत नसणार. तुमच्या घराण्यात सल्ला दुसऱ्याला द्यायचा असतो.) इकडे आम्ही ठीक आहोत, आणि आई तर इतक्या खुशीत आहेत की मला पत्र लिहायची वेळ आली.

मी परिवहन मंडळात बसमार्ग आखते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात नव्या वेळापत्रकाचा मसुदा केला आणि ज्या थांब्यांवर गाडीत कोणी बसत नाही ते त्यातून काढून टाकले. आमच्याकडे तिकीट जिथं घेतलं तिथंच माणूस मोजतात. उतरणाऱ्यांसाठी तक्त्यात रकानाच नाही. टेकडीवरच्या थांब्यापुढे वर्षभर शून्य होतं. मी डोळे मिटून काट मारली. आता तुम्ही म्हणाल, अगं, तो तर आपल्याच घरासमोरचा! होय. पण टेकडीवरून सगळे पायीच उतरतात आणि पिशव्या घेऊन वर येताना तेवढे बसने येतात, हे रोज स्वतः तसंच करणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही. (तुमचे बंधू तेव्हापासून मला अक्कल शिकवताहेत. त्यांनाही यादी दाखवली होती, ते "छान" म्हणाले होते.)

आईंच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही. थांबा गेला तर त्यांचं बाजारात जाणं संपलं, वाचनालय संपलं, मैत्रिणी संपल्या. पण त्या घरात एक शब्द बोलल्या नाहीत. थेट जाहीर सुनावणीला आल्या, हरकत क्रमांक सात. मी मंचावर, साहेबांच्या शेजारी. आईंनी चष्मा लावला आणि मलाच विचारलं, "मॅडम, रोज चाळीस माणसं वर उतरतात आणि तुमच्या कागदावर एकही खाली येत नाही. मग ती ठेवता कुठं तुम्ही?" सभागृह हसून लोटपोट. साहेबांनी तर पाण्याचा पेला सांडला. घरी तीन दिवस मला "मॅडम, भाजी वाढू का?" ऐकावं लागलं.

रकाना वाढवायचा तर नवे तक्ते छापायला वर्ष लागतं. म्हणून साहेबांनी तोड काढली: सोमवारी सकाळी आठच्या गाडीत वरून तीस माणसं बसली, तर थांबा राहील. मोजणीला मीच. कर्मचाऱ्यानं कोणाला बसायला सांगायचं नाही, असा नियम.

सोमवारी अख्खी टेकडी हजर! शिंपीकाका गळ्यात टेप घेऊन, निवृत्त नर्सबाई, कडेवरची मुलं, आणि या सगळ्यांना रांगेत उभं करणाऱ्या आई. ड्रायव्हर अकरा वर्षं इथून रिकामी गाडी खाली नेतोय. एवढी गर्दी बघून तो उठून उभाच राहिला. मी मोजत होते. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. रांग संपली. दार बंद व्हायला लागलं आणि आई खाली उभ्या राहून सगळ्यांना आनंदानं हात हलवताहेत! ताई, मी नियम गुंडाळून ठेवला आणि ओरडले, "आई, बसा आधी!"

त्या बसल्या. तीस. गाडीत असा जल्लोष झाला की खालच्या थांब्यावरची माणसं दचकली. मी तर रडलेच.

लहानांना आशीर्वाद.

तुमची वहिनी

ता. क. खरं काम आता सांगते. या विजयानंतर आईंना आमच्या प्रवासी सल्लागार समितीवर घेतलंय. दर गुरुवारी त्या माझ्या टेबलासमोर बसणार. ताई, हात जोडते, त्यांना निदान दोन महिने तुमच्याकडे बोलवा.

ता. क. २. पाकीट चिकटवायचं राहिलं म्हणून बरं झालं. आज पहिला गुरुवार होता. साहेबांनी विचारलं, त्या दिवशी नियम मोडून कोण ओरडलं? मी फायलीत डोकं घातलं. आई शांतपणे म्हणाल्या, "कर्मचारी कुठली? माझी सून ओरडली." बोलावू नका त्यांना. हवं तर तुम्हीच या. गाडी दारापर्यंत येते.